माझ्या नावापुढचा अंगठा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आईचा फोन वाजला, तेव्हा तिचे दोन्ही हात कणकेत होते. सांजोऱ्यांचा पहिला घाणा कढईत होता. बेबाकाकू झारा धरून चुलीपाशी, आणि मी गार्गीला मांडीवर घेऊन लाटायला बसलेली.

"उचल ना व, मना हात भरेल शेतस," आई म्हणाली.

मी उचलला. पलीकडे एक तरुण बाई होती, घाईतली.

"दिपमाला जितेंद्र बोलताय ना?"

"हो."

"मी धुळ्याहून डॉक्टर मोहिनी. फॉलोअपसाठी फोन केलाय. आज आवाज स्पष्ट येतोय तुमचा, मागच्या वेळी घसा बसला होता वाटतं."

"मागच्या वेळी?"

"जानेवारीत बोललो ना आपण? काही त्रास नाही म्हणालात. आता नऊ महिने झाले. तर तांबीचा काही त्रास? अंगावरून जास्त जाणं, ओटीपोटात दुखणं? दोरा हाताला लागतो का?"

माझ्या हातातलं लाटणं परातीत पडलं. गार्गी दचकून रडायला लागली.

"कुठली तांबी?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती वाचायला लागली. माझं नाव, वय चोवीस. जुलैमधली तारीख. नॉर्मल बाळंतपण, मुलगी, अडीच किलो. वार पडल्यावर दहा मिनिटांत तांबी बसवली. समुपदेशन झाले. संमती लेखी. सहा आठवड्यांनी फोन, त्रास नाही. तीन महिन्यांनी, त्रास नाही. सहा महिन्यांनी, त्रास नाही. समाधानी.

"कोण समाधानी?"

"तुम्ही, ताई."

मी आईकडे बघितलं. ती खाली मान घालून कणीक मळत होती. मळून झालेली कणीक पुन्हा मळत होती. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. दवाखान्यात कागदावर मोबाईल नंबर आईचा दिला होता, कारण बाळंतपण माहेरचं. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं ही आपल्याकडची रीत, म्हणून सातव्या महिन्यात मी जामनेरहून साक्रीला आले, दिवस भरल्यावर बी.पी. वाढलं आणि साक्रीहून मला धुळ्याला एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. नवरा जामनेरला, सासू जामनेरला. दाराबाहेर होती ती आई. आणि नऊ महिने तिच्या फोनवर माझ्या नावाने उत्तरं देत होती तीही आईच.

मी डॉक्टरबाईला म्हटलं, "मी येते धुळ्याला. कागद काढून ठेवा." आणि फोन ठेवला.

इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर मी उगाच आदळआपट करतेय असं वाटेल.

गार्गी चार महिन्यांची झाली आणि माझी पाळी सुरू झाली. पाळी कसली, दहा-दहा दिवस जायचं. बाहेरचं लुगडं सुकलं नाही तोवर परत. जिना चढले की कानात शिट्टी वाजायची. गार्गीला कडेवर घेऊन उभी राहिले की भीती वाटायची, आपण पडलो तर हिच्या डोक्याला लागेल. म्हणून मी तिला बसूनच घ्यायची. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी पाजते, रातचं जागते, अंगावर जाणारच. आमचं नव्हतं का जात?" जामनेरच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त तपासलं तर सात पूर्णांक आठ. त्यांनी विचारलं, काही बसवलंय का आत? मी छातीठोकपणे सांगितलं, नाही. मी सांगितलं! जितेंद्र शेजारीच बसला होता, तोही म्हणाला, नाही हो डॉक्टर.

मी कॅन्सरपर्यंत जाऊन आले. फोनवर वाचून वाचून रात्रीचं जेवण जाईना. दूध आटलं तर, मी गेले तर, गार्गीला कोण बघणार, सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, हे सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. आणि दर खेपेला आईला फोन करायची. दर खेपेला आई म्हणायची, "व्हस व माय असं पहिला पोरनंतर. गूळ-शेंगदाणा खाय."

एकदा न्हाताना हाताला काहीतरी लागलं. नायलॉनच्या दोऱ्यासारखं. मी घाबरून आईला विचारलं. आई म्हणाली, टाक्याचा दोरा असेल, झडून जाईल.

घरी आणलेल्या कार्डावर तांबीची सहा इंग्रजी अक्षरं एकापुढे एक होती. मी ती कुठल्यातरी रक्ततपासणीचं नाव समजले. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मी, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पोरीला थेंब न देणारी मी, ती सहा अक्षरं वाचून पुढे गेले. हा राग कुणावर काढू?

"आई, उठ. हात धू."

"सांजोऱ्या व्हऊ दे."

"हात धू आधी!"

बेबाकाकूने झारा कढईवर आडवा ठेवला. काकूला बातमी नको असते, रस हवा असतो. "काय व्हयनं व? कोना फोन व्हता?"

"विचार हिला. माझ्या पोटात तांबी बसवलीय हिने."

"मी बसाडी?" आई उसळली. "मी काय डॉक्टर शे? त्या बाईनी बाहेर ईसन सांगं, आंडेर व्हयनी, तांबी बसाडतस, आठे अंगठा लाय. मी लाया."

"मुलगी झाली, आणि माझ्या नावापुढे तुझा अंगठा?"

"तू आत वरडी राह्यन्ती. तुले काय इचारतू?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं! तीन दिवस होते मी तिथे. नऊ महिने झाले आई. दर महिन्याला मी तुला रडून फोन केला. तू मला गूळ खा म्हणून सांगितलंस."

"मी त्या सिस्टरले इचारं व्हतं. ती बोलनी, पहिले पहिले जास अंगवरथीन, मंग थांबस."

"पाच महिने थांबलं नाही तरी?"

आईने परत कणकेला हात घातला. बेबाकाकूला मात्र राहवलं नाही. "काय व शिकेल पोरीस्नं! आम्ही सात-सात बाळतपणं कयात, आम्हले कोनी फोन करीसन इचारं नही का दुखस का नही दुखस. हिले डॉक्टरीन फोन करस तरी ही चिडस."

"काकू, तुमची सांजोरी जळतेय."

खरंच जळत होती. काकूने ती बाहेर काढली, उलटीपालटी करून बघितली आणि बाजूला ठेवली, "ही मना नवराले."

आखाजीच्या दिवशी दवाखान्याची ओपीडी बंद. तो दिवस काढावा लागला. घागर पुजली, वडिलांनी, आबांनी, पितरांच्या नावाने विस्तवावर आगारी टाकली, आमरस झाला, पुरणपोळ्या झाल्या. गल्लीत कडुनिंबाला झोके बांधले होते. माझ्याबरोबरच्या दोघी-तिघी माहेरी आलेल्या, झोक्यावर गाणी म्हणत होत्या, मला हाका मारत होत्या. मी गार्गीला घेऊन ओट्यावर बसून राहिले. आईने दोनदा ताट पुढे ठेवलं, दोनदा मी तिच्याकडे न बघता जेवले. जितेंद्रचा फोन आला, "काय म्हणते आखाजी?" मी म्हटलं, मजेत. सांगावंसं वाटलं, जिभेवर आलं होतं. पण मला माझा नवरा माहीत आहे. चांगला आहे, खोटं बोलत नाही, आणि म्हणूनच त्याच्या आईला संध्याकाळपर्यंत सगळं कळलं असतं. सासूबाईंनी मार्चपासूनच सुरू केलंय, "गार्गीले भाऊ पाहिजे. लागोपाठ झालं म्हंजे बरं राह्यते, दोन्ही एकदमच मोठे होतात."

आईने काय विचार करून अंगठा लावला, हे मला ओट्यावर बसल्या बसल्या समजत होतं. ते समजत होतं म्हणून राग कमी होत नव्हता. उलट वाढत होता. कारण मला दुसरं मूल नकोच होतं. निदान तीन वर्षं तरी नको. बी.एड.चा फॉर्म भरायचा होता. आठव्या महिन्यात एखाद्या बाईने माझ्याजवळ बसून दहा मिनिटं नीट सांगितलं असतं, तर मी स्वतः म्हटलं असतं, बसवा. मग पहिल्याच जास्तीच्या पाळीला मी दवाखान्यात गेले असते, काय होतंय ते मला कळलं असतं, कॅन्सर-कॅन्सर करत तीन महिने गेले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता निघाले. गार्गी, तिची पिशवी, बाटलीत पाणी. साक्रीच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागलीच होती. खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटणार तेवढ्यात आई वर चढली. डोक्यावर पदर, हातात सांजोऱ्यांचा डबा, धापा टाकत.

"तू कशाला?"

"अंगठा मना शे. मी येस."

ती माझ्या शेजारी बसली. नेर गेलं. गार्गी तिच्याकडे झेपावली तशी तिने तिला घेतलं, पोरीने तिच्या गळ्यातली काळी पोत तोंडात घातली. कुसुंब्याला गाडी रिकामी झाली, तेव्हा आई खिडकीबाहेर बघत बोलायला लागली. आवाज असा, जणू भाजीचं सांगतेय.

"तू जलमनी, तवय मी अठरानी व्हतू. तू पाच महिनानी, आन माले परत दिवस गयात. तो गया. मंग परत. ती बी गयी. तिसरी खेपले माले रक्त चढाडं, पिंपळनेरले. तुना आबा बोलनात, पोर नही वाचनं ते नही, तू वाचनी. तुनी आजी बोलनी, पोर वाचतं ते बरं व्हतं." गार्गीच्या तोंडातून तिने पोत काढली, पदराने पुसली. "त्या बाईनी आंडेर व्हयनी म्हणताच माले तुनी सासू दिखनी."

"मग मला सांगायचं."

"तुले सांगती ते तू जवाईले सांगती."

"सांगितलं असतं. माझा नवरा आहे."

"हा. आन तो त्यानी मायले. मंग तांबी काढी टाकतात तुले लई जाईसन. माले माहीत नही का?"

"आई, मला सात पूर्णांक आठ रक्त राहिलंय. तू ज्याच्यापासून वाचवायला गेलीस, तेच केलंस ना माझं?"

मला वाटलं रडेल. ती रडली नाही. डबा उघडून एक सांजोरी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. ती स्वतःही न खाता तिने डबा बंद केला.

दवाखान्यात डॉक्टर मोहिनी एका छोट्या खोलीत बसत होत्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. डोळ्यांखाली काळं, टेबलावर फाईलींचा ढीग, लॅपटॉपला चिकटपट्टी लावलेली. त्यांचा अभ्यास चालला होता. बाळंत झाल्याबरोबर तांबी बसवलेल्या दोनशे बायकांची नऊ महिने विचारपूस करायची, कुणाला त्रास होतो, कुणाची आपोआप पडते, कुणी काढून घेते, ते लिहायचं. जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता.

"बरं झालं आलात. प्रत्यक्ष तपासणी झाली तर चांगलंच आहे," त्या म्हणाल्या.

"आधी फाईल दाखवा."

दारात उभ्या असलेल्या कोकिळा सिस्टर म्हणाल्या, "फाईल पेशंटला देत नाहीत."

"मग माझ्या आईला द्या. तिचाच अंगठा आहे त्यावर."

मोहिनी मॅडमनी सिस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फाईल माझ्यापुढे सरकवली.

संमतीपत्र छापील होतं. 'मला सर्व फायदे-तोटे माझ्या भाषेत समजावून सांगितले असून मी स्वखुशीने...' खाली रेघ, रेघेवर माझं नाव कुणीतरी लिहिलेलं, नावापुढे निळा अंगठा. आईचा अंगठा मला ओळखू येतो, विळ्याने कापल्याची आडवी खूण आहे त्यावर. मी पान उलटलं. दुसऱ्या पानावर माहितीचा तक्ता. शिक्षण या रकान्यात लिहिलं होतं, 'निरक्षर'.

"हे काय आहे?"

मॅडम वाकून बघायला लागल्या. "अंगठा होता, म्हणून लिहिलं असेल कुणीतरी. मी फाईलीवरून भरते. प्रसूतिकक्षात मी नव्हते."

"मी बी.एस्सी. आहे. फर्स्ट क्लास."

"सॉरी. मी दुरुस्त करते."

त्यांनी लॅपटॉप माझ्यासमोरच उघडला. माझी नजर फिरती आहे, हा माझा जुना दोष. पडद्यावर तक्ता होता आणि खाली एक ओळ. कमी शिकलेल्या स्त्रियांमध्ये तक्रारींचे प्रमाण कमी, समाधान अधिक.

मला हसू आलं. खूप वाईट हसू. "मॅडम, तुमच्या या कमी शिकलेल्या समाधानी बायकांमध्ये मी पण आहे का? दहा-दहा दिवस रक्त जाणारी?"

त्यांनी लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. "फोनवर जे सांगतात तेच मी लिहिते हो."

"फोनवर कोण बोलतंय, ते विचारलंत?"

"नाव विचारते ना मी. 'दिपमाला का', तर 'हा' म्हणाल्या."

आई कोपऱ्यातून म्हणाली, "मी हा बोलनू. माले वाटनं, पोरीनी आठोन करतस."

कोकिळा सिस्टर पुढे आल्या. "हे बघा ताई, तुम्ही तेव्हा नुकत्याच बाळंत झाला होता. शुद्ध तरी होती का? घरच्यांना विचारूनच बसवली ना? कुणी परक्याने तर नाही लावला अंगठा. आईने लावला. तुमच्या भल्यासाठीच..."

"भल्याचं नाव काढू नका." माझा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला असणार, कारण दोन-तीन डोकी दारात आली. "माझ्या भल्याचं सगळ्यांना माहीत होतं, नुसतं मलाच माहीत नव्हतं. जामनेरचा डॉक्टर मला विचारतो, आत काही आहे का, आणि मी नाही म्हणते. त्याने नुसत्या गोळ्या दिल्या त्यामुळे. माझ्या पोटातलं तुम्हाला माहीत, हिला माहीत, या लॅपटॉपला माहीत."

"हळू, हळू व. चार लोके ऐकतीन," आई म्हणाली.

"ऐकू देत!"

मोहिनी मॅडमनी दार लावून घेतलं. खाली बसल्या. आवाज बदलला होता. "ठीक आहे. मी तुमची केस अभ्यासातून वगळते. संमती योग्य नसेल तर नियमाप्रमाणे वगळावीच लागते."

"म्हणजे काय होणार?"

"तुमची माहिती काढून टाकायची. तुमच्या जागी दुसरी पेशंट घ्यायची."

हे समजायला मला क्षणभर लागला. मग डोकं एकदम थंड पडलं. "म्हणजे जिला विचारलं नाही ती तुमच्या पुस्तकातून बाहेर. आणि मग पुस्तकात उरतात त्या सगळ्या विचारलेल्या. शंभर टक्के."

त्यांनी फाईलीची कड सरळ केली.

"माझ्याआधी किती काढल्या?"

"ते मी..."

"किती?"

"दोन," त्या म्हणाल्या. "एक नरडाण्याची होती. तिला पण फोनवरच कळलं. दुसरीच्या नवऱ्याने सही केली होती." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं. "मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, वगळ."

"वगळा. पण वगळल्या म्हणून लिहा. किती, आणि का. त्या दोघी आणि मी."

"सर खोडतील."

"खोडू देत. लिहिलेलंच खोडता येतं."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि समोरच्या छापील तक्त्याच्या कडेला लिहिलं, तीन. मी म्हटलं, पेनाने. त्यांनी पेनाने गिरवलं, पुढे लिहिलं, 'स्वतःची संमती घेतलेली नव्हती'. माझ्या फाईलीवरही तेच लिहून सही केली, तारीख घातली. मी मोबाईलवर दोन्ही कागदांचा फोटो काढला. सिस्टर म्हणाल्या, फोटो चालत नाही. मॅडम म्हणाल्या, "काढू द्या."

मग मी म्हटलं, "आता काढा."

"तांबी? आधी तपासते. ऐका, जास्त जाण्यावर औषधं आहेत, दोन महिने गोळ्या घेऊन बघता येतं. काही जणींना..."

"मॅडम, ती चांगली असेल. कदाचित मी पुन्हा बसवीनही. आज काढा."

सिस्टर हातमोजे शोधता शोधता सहज म्हणाल्या, "मिस्टर आलेत का बरोबर?"

"कशाला?"

"काढायची तर घरच्यांची सही लागते. उद्या दिवस राहिले की नवरे येऊन आमच्याशी भांडतात. फोन लावा त्यांना, बोलते मी."

मी फोन हातात घेतलासुद्धा. ही सवय कशी असते बघा. जितेंद्रचं नाव काढून बोट त्यावर ठेवलेलं. त्याला सांगायला मला भीती नव्हती, आज ना उद्या मी सांगणारच होते. पण या खोलीत, या कामासाठी त्याला विचारायचं? मी फोन पिशवीत टाकला.

"बसवताना माझी सही लागली नाही. काढताना माझीच लागेल. असा नियम असेल तर दाखवा मला, नवऱ्याची लागते म्हणून. छापील दाखवा."

सिस्टरनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "नियम नाही. यांची सही पुरे."

"तुम्ही लिहून द्या मग," सिस्टर फणकारल्या.

"देते."

काढायला एक मिनिट लागलं असेल. मॅडमनी प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगितली, आता गार लागेल, आता खोकला काढा. खोकले. चिमटा बसल्यासारखं झालं आणि झालं. मी म्हटलं, मला बघायचीय. ट्रेमध्ये होती. बोटाच्या दोन पेरांएवढी, पांढरी, दांड्यावर तार गुंडाळलेली आणि तार काळपट पडलेली. कॉलेजात मी तांब्याच्या क्षारांची किती टायट्रेशन्स केली असतील. मी विचारलं, दुधातून तांबं गार्गीच्या पोटात गेलं असेल का? नऊ महिन्यांत कुणाला विचारायचं सुचलंच नव्हतं, कारण माहीतच नव्हतं. दोन दिवसांपासून मात्र दुसरं काही सुचत नव्हतं. त्या म्हणाल्या, "नाही. त्याने दुधाला काही होत नाही. बाळाला काही झालेलं नाही." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, न वैतागता. मग बोटाला टोचून रक्त बघितलं. सात पूर्णांक चार. शिरेतून लोह द्यावं लागेल, आज एक, आठवड्याने एक.

मी साडी नीट करून परत खुर्चीवर बसले. मोहिनी मॅडमनी नवीन कागद काढला. "आता पुढे काय वापरणार, ते ठरवायचं. पाजणारीला चालतील अशा गोळ्या आहेत, तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे, निरोध आहे. प्रत्येकाचं सांगते. आज ठरवलंच पाहिजे असं नाही, पण मधल्या काळात..."

"इंजेक्शन लिख व बाई," आई कोपऱ्यातून म्हणाली. "तीन महिना कटकट नही. आन कोन्हाले समजत बी नही."

मी वळले. ती गार्गीला खांद्यावर घेऊन उभी होती. पोर झोपली होती, तोंड उघडं, आईच्या पदरावर लाळ.

"आई, तिला घेऊन बाहेर बस."

"मी काय बोलनू आते?"

"काही नाही. बाहेर बस."

"मी काय दुश्मन शे तुनी?"

"नाहीस. पण बाहेर बस."

ती हलली नाही. मला वाटलं पुन्हा अठराव्या वर्षाचं काढेल. आणि काढलं असतं तर मी काय केलं असतं माहीत नाही, कदाचित म्हटलं असतं, राहा बाई. तिने तोंड उघडलं, मिटलं. मग डब्याची पिशवी उचलली, कोपराने दार ढकललं आणि बाहेर गेली. बाहेर बाकड्यावर जागा नव्हती. कुणाला तरी ती म्हणताना ऐकू आलं, "सरक व जराशी, मनी आंडेरले येळ लागी."

मॅडमनी दार लावलं. एकेक गोष्ट सांगायला लागल्या. मी मध्ये मध्ये विचारत होते. इंजेक्शनने पाळी कशी बदलते, किती दिवसांनी, पुन्हा मूल हवं असलं तर किती थांबावं लागतं, हाडांचं काय. एका प्रश्नाचं उत्तर त्यांना येईना, तेव्हा त्यांनी पुस्तक उघडून बघितलं. मला ते आवडलं.

मग कागद माझ्यापुढे आला. तसाच छापील. 'मला सर्व फायदे-तोटे माझ्या भाषेत...'

कोकिळा सिस्टर पेन पुढे धरून उभ्या होत्या. "इथे सही. खूणच केलीय बघा."

"वाचते आधी."

"वाचता काय त्यात? बाहेर वीस जणी आहेत. सगळ्या सही करून जातात."

"जाऊ देत," मी म्हटलं. "मला वेळ लागेल."

पेन मी टेबलावर आडवं ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.